माथेरानचं डिझेल, बत्तीस मिलिमीटरच्या रुळांवर

माझ्या घरात काचेच्या पेटीत एक इंजिन आहे. त्याच्या एका अंगाला रंग आहे, दुसऱ्या अंगाला नाही. बिनरंगाच्या बाजूचं पितळ आता काळवंडत चाललंय. घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, ‘हे अर्धवट राहिलंय का?’ आणि दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, ‘पण माथेरानचंच करायचं होतं, तर वाफेचं का नाही केलंत? ते किती छान दिसतं!’

या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची म्हणूनच आज बोलायला बसलो आहे.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, लोखंड आणि पितळ यांच्याशी बोलण्यात. पण माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, नेरळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. १९५४ साली अठराव्या वर्षी ते खलाशी म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे माथेरानची गाडी ही माझ्यासाठी सहलीची गोष्ट कधीच नव्हती. ती अण्णांच्या कपड्यांना येणारा वास होती. आधी कोळशाचा आणि मग तेलाचा.

नेरळ-माथेरान रेल्वेची कहाणी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. खर्च आला सोळा लाख रुपये. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे वीस किलोमीटरचा घाट, आणि चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे जाताना एक फूट वर. सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी आपली बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तेच. या घाटासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीकडून चार वाफेची इंजिनं आली. त्यांची पुढची आणि मागची चाकं वळणावर थोडी आडवी सरकू शकत, म्हणून ती त्या नागमोडी रुळांवर टिकली. सत्तरहून अधिक वर्षं टिकली.

ही चार इंजिनं नशीबवान ठरली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती थांबली, पण विसरली गेली नाहीत. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, एक तर साता समुद्रापार इंग्लंडला गेलं. त्यांचे फोटो निघाले, आराखडे छापले गेले, त्यांच्यावर लेख आले. जगभरच्या हौशी लोकांनी त्यांच्या छोट्या प्रतिकृती केल्या.

पण त्यांच्या शेजारी, त्याच शेडमध्ये, पाव शतकाहून अधिक काळ आणखी एक जात उभी होती. १९५५-५६च्या सुमारास जर्मनीतूनच आलेली डिझेल इंजिनं. रेल्वेच्या भाषेत त्यांचं नाव एनडीएम-१. यातला ‘एन’ म्हणजे दोन फुटी नॅरोगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘एम’ म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं, आणि ‘१’ म्हणजे या जातीतलं पहिलं. तुम्ही-आम्ही शाळेच्या सहलीला माथेरानला गेलो, मधुचंद्राला गेलो, मुलांना घेऊन गेलो, तेव्हा आपली गाडी बहुधा या डिझेलांनीच ओढली असेल. पण आठवतंय का कुणाला?

ती बनवणारी कंपनी होती अर्नोल्ड युंग. पश्चिम जर्मनीत झीग नदीकाठी किर्खेन नावाचं गाव आहे, त्याच्या जवळ युंगेनथाल इथे तिचा कारखाना होता. इंग्रजी वळणाने वाचून शेडमधली मंडळी तिला सरळ ‘जंग’ म्हणत. मग विनोदही तसेच. ‘जंगला जंग लागत नाही’ हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. या कारखान्याची एक गंमत पुढे मला कळली. ज्या कारखान्याने माथेरानला डिझेल पाठवून वाफेच्या निरोपाची सुरुवात केली, त्याच कारखान्यातून १९५९ साली जर्मन संघीय रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं नवं वाफेचं इंजिन बाहेर पडलं. त्याचा क्रमांक २३ १०५. म्हणजे एकाच छपराखाली एक युग संपत होतं आणि दुसरं सुरू होत होतं. नेरळच्या शेडमध्येही तेच चाललं होतं, फक्त आम्हाला ते युग वगैरे वाटत नव्हतं.

नॅरोगेजवरचं तेलाचं इंजिन कुठून आलं, हेही सांगायला हवं. त्याचा प्रसार सहलीसाठी झाला नाही, लढाईमुळे झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांपर्यंत दारूगोळा पोचवण्यासाठी साठ सेंटिमीटर अंतराचे हलके रूळ टाकले गेले. दिवसा वाफेचं इंजिन तिथे नेणं धोक्याचं होतं, कारण धूर दिसला की समोरून तोफ येई. मग इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीने ‘सिम्प्लेक्स’ नावाची पेट्रोलवर चालणारी ठेंगणी इंजिनं केली, वीस आणि चाळीस अश्वशक्तीची. काहींना चिलखती पत्रा ठोकलेला. युद्ध संपल्यावर ती मोडीच्या भावाने खाणींत, वीटभट्ट्यांवर, शेतांवर गेली. १९२०-३०च्या दशकांत पेट्रोलची जागा डिझेलने घेतली, आणि जर्मनीत डॉइट्झ, युंग, इंग्लंडमध्ये रस्टन अँड हॉर्न्सबी असे कारखाने अशी इंजिनं मोठ्या संख्येने बनवू लागले. म्हणजे या जातीचं कूळ आधीपासूनच मजुराचं. खाणीतून दगड ओढणाऱ्याचं छायाचित्र कोण घरात लावतो?

माथेरानला डिझेल का आलं, याचं उत्तर अण्णा एका वाक्यात देत, ‘अरे, त्याला पहाटे उठवावं लागत नाही.’ वाफेच्या इंजिनाला गाडीच्या वेळेआधी काही तास आग घालावी लागते. कोळसा आणि पाणी घेऊनच चढावं लागतं, म्हणजे निम्मी ताकद आपलंच ओझं ओढण्यात जाते. वाटेत पुन्हा पाणी. ‘वॉटर पाइप’ नावाचं स्टेशन आजही त्या घाटात आहे. शिवाय उन्हाळ्यात ठिणगी उडून गवत पेटायची भीती. डिझेलला यातलं काही नको. पण त्याची एक खोड आहे. वाफेचं इंजिन जागच्या जागी, चाक फिरायच्या आधीच, पूर्ण जोर लावू शकतं. डिझेलचं यंत्र आधी मोकळं फिरायला लागतं आणि मग त्याचा जोर चाकांपर्यंत हळूहळू पोचवावा लागतो. वीसास एकच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवताना हे हळूहळूपण चालकाच्या आणि फिटरच्या जिवावर येई.

अण्णांना सुरुवातीला डिझेल आवडलं नव्हतं. ते म्हणत, ‘वाफेचं इंजिन आधी सांगतं, मग बिघडतं. हे बिघडल्यावर सांगतं.’ आईचं गाऱ्हाणं वेगळं होतं. ‘कोळसा धुतला की निघायचा तरी,’ ती म्हणे, ‘हे तेल मेलं निघता निघत नाही.’ पण पावसाळ्यात गाडी बंद असताना अण्णा त्या इंजिनांच्या पोटात शिरत आणि महिनोन्‌महिने तिथेच असत. माणूस ज्याच्या पोटात शिरतो, त्याच्यावर कधीतरी त्याचा जीव जडतोच.

आता थोडं छोट्या गाड्यांकडे येतो.

माझ्या लहानपणी आमच्या ओळखीच्या एका घरी चावीची पत्र्याची आगगाडी होती, हॉर्न्बीची. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्न्बी यांनी १९२० साली अशा गाड्या विकायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १८९१ साली, जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने एक साधी पण मोठी गोष्ट केली होती. खेळण्यातल्या गाड्यांच्या रुळांमधली अंतरं तिने ठरवून दिली, म्हणजे आज घेतलेले डबे उद्या घेतलेल्या रुळांवर चालतील. त्या प्रमाणांपैकी घराघरांत पोचलं ते ‘ओ’ गेज, रुळांमधलं अंतर बत्तीस मिलिमीटर.

खेळणं आणि प्रतिकृती यांत फरक मापाचा आहे. खेळण्याला इंजिनासारखं दिसलं की पुरतं. प्रतिकृतीला प्रत्येक माप एकाच हिशेबाने लहान करावं लागतं. मोठ्या रेल्वेसाठी हे सोपं झालं, कारण बाजारात त्या प्रमाणाचे रूळ, चाकं, सगळं मिळू लागलं. नॅरोगेजवाले मात्र पोरके राहिले. आपल्या प्रमाणाचा रूळ बाजारात नाही, मग दुसऱ्याचा रूळ उसना घ्यायचा.

हा उसनवारीचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूरेंबर्गच्या अर्नोल्ड कंपनीने मोठ्या रेल्वेची अगदी चिमुकली गाडी बाजारात आणली, तिच्या रुळांमधलं अंतर फक्त नऊ मिलिमीटर. (या अर्नोल्डचा आमच्या अर्नोल्ड युंगशी काही संबंध नाही, नावं तेवढी सारखी.) आता हिशेब बघा. ‘एचओ’ नावाच्या लोकप्रिय प्रमाणात सगळं सत्त्याऐंशी पटीने लहान करतात. आपल्या शकुंतला रेल्वेसारखी किंवा कालका-सिमल्यासारखी अडीच फुटी लाइन, म्हणजे ७६२ मिलिमीटर, सत्त्याऐंशीने भागली तर येतात पावणेनऊ मिलिमीटर. म्हणजे चिमुकल्या मोठ्या गाडीचा नऊ मिलिमीटरचा रूळ हा अडीच फुटी नॅरोगेजला जवळजवळ बेतून शिवल्यासारखा बसला. म्युनिकच्या एगर बंधूंनी हे हेरलं आणि १९६३च्या सुमारास ‘एगर-बान’ नावाने नॅरोगेज गाड्या विकायला काढल्या. कंपनी चार-पाच वर्षंच चालली. पण त्यांच्या अगदी पहिल्या इंजिनांमध्ये एक ठेंगणं, शेता-खाणीवरचं डिझेल होतं. वाफेच्या राजेशाही इंजिनांच्या दुनियेत कुणीतरी त्या मजुराला पहिल्यांदा मान दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोन फुटी माथेरानला मात्र तो नऊचा रूळ नीट बसत नाही. इंग्लंडमध्ये फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हिशेबाने दोन फूट म्हणजे आठ मिलिमीटर व्हायला हवेत. पण रूळ मिळतो नऊचा, म्हणून ते नऊवर भागवतात. एक मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. पण तो एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या माथेरानात तीन इंच. तीन इंचांनी रूळ रुंद झाला तर नेरळच्या शेडमधला कुठलाही फिटर गाडी सोडणार नाही.

मग उत्तर कुठे मिळालं? फुटाला सोळा मिलिमीटर या मोठ्या प्रमाणात. दोन फूट म्हणजे दोन गुणिले सोळा, बरोबर बत्तीस. बत्तीस मिलिमीटर, म्हणजेच त्या जुन्या पत्र्याच्या चावीच्या गाडीचा रूळ! लहानपणी ज्या रुळाकडे मी दुसऱ्याच्या घरात उभा राहून बघत असे, तो केसभरही इकडेतिकडे न होता माथेरानचा रूळ निघाला. त्या दिवशी मी मुंबईच्या चोर बाजारात जाऊन गंजलेले पत्र्याचे रूळ घेऊन आलो. साल होतं २००३.

या प्रमाणात खरी वस्तू साधारण एकोणीस पट लहान होते. सबंध नेरळ-माथेरान लाइन करायची म्हटली तर एक किलोमीटरहून थोडी जास्त लांब होईल. साडेपाच फुटांचा माणूस अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरचा होतो. गाडी ताशी बारा किलोमीटरने चालत असेल, तर छोट्या गाडीने सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर जायला हवं. याहून वेगाने पळवली की ते खेळणं झालं. चढ मात्र लहान होत नाही. वीसास एक हा छोट्या जगातही वीसास एकच राहतो, आणि छोटी चाकंही तिथे तशीच घसरतात.

रूळ मिळाला, हिशेब जुळला. आता हवी होती इंजिनाची मापं. आणि इथे गाडी अडली.

वाफेच्या इंजिनाचे आराखडे मला आठवड्याभरात मिळाले, तेही तीन ठिकाणांहून. डिझेलचा एकही नाही. पत्रं लिहिली, दोन-तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी एका सज्जन गृहस्थांनी मला चहा पाजला आणि सांगितलं, ‘अहो, ती जुनी कागदपत्रं जागा रिकामी करताना गेली. आणि त्या डिझेलचं तुम्हाला करायचंय काय? वाफेचं असतं तर आपण शोधलं असतं.’ त्यांचा दोष नाही. आपल्या सगळ्यांच्या मनातलंच ते बोलले.

मग ठरवलं, स्वतः मोजायचं. अण्णांच्या ओळखीवर परवानगी मिळाली. २००४च्या हिवाळ्यापासून सुट्टीच्या दिवशी मी नेरळला जाऊ लागलो. एक टेप, एक ओळंबा, व्हर्नियर, खडू आणि ग्राफ पेपरची वही. उभ्या इंजिनाची एक बाजू मोजायची म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. पत्रा सरळ वाटतो, पण सरळ नसतो. एकाच जातीचे दोन बोल्ट वेगळ्या मापाचे निघतात, कारण मधे कधीतरी कुणीतरी, कदाचित अण्णांनीच, हाताला लागला तो बोल्ट लावलेला असतो. तुमच्या लक्षात येतं की हे इंजिन युंगेनथालमध्ये बांधलं होतं खरं, पण पन्नास वर्षांत नेरळनेही ते थोडं थोडं पुन्हा बांधलंय. कारखान्यातला आराखडा मिळाला असता, तरी त्यात हे नसतं.

२००५च्या मे महिन्यापर्यंत एक बाजू पुरी झाली. पुढचा भाग झाला, मागचा झाला, वरचा झाला. दुसरी बाजू भिंतीकडे होती, तिथे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. म्हटलं, पावसाळ्यानंतर इंजिन पुढे काढतील तेव्हा मोजू.

आणि मग २६ जुलै आला. त्या दिवशीच्या पावसाने मुंबईचं काय केलं ते आपण जाणतोच. त्याच पावसाने माथेरानच्या घाटातला रूळ जागोजाग वाहून नेला. लाइन पुन्हा सुरू झाली ती २००७ साली. मी वही घेऊन पुन्हा नेरळला गेलो, तेव्हा मी मोजत होतो ते इंजिन तिथे नव्हतं. कुठे गेलं, ते मला कुणी नीट सांगू शकलं नाही. एक म्हणाला दुरुस्तीला, दुसरा म्हणाला भंगारात. घाटाला तोवर बंगळुरूत बांधलेली नवी डिझेलं मिळाली होती, त्यांना एनडीएम-६ म्हणतात. त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं फक्त माझ्या वहीतलं एक पान.

तुम्ही म्हणाल, एक बाजू मोजलीत तर दुसरी तशीच असणार. मलाही तसंच वाटलं. मी अर्धा मिलिमीटरचा पितळी पत्रा कापला, कानशीने घासला, डाग दिला. पत्र्याच्या मागून ग्रामोफोनच्या बोथट सुईने एकेक रिव्हेट ठोकली. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. दुसरी बाजू पहिलीच आरशात धरून केली. आणि २००७च्या दिवाळीत इंजिन अण्णांच्या हातात दिलं.

अण्णा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, नजर अधू झालेली. त्यांनी इंजिन डोळ्यांजवळ नेलंच नाही. मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांचे अंगठे दोन्ही बाजूंवरून फिरवत राहिले. मोजलेल्या बाजूवर मान हलली. दुसऱ्या बाजूवर अंगठा थांबला.

‘हे दार इथे नाही.’

मी म्हटलं, ‘अण्णा, पलीकडे तसंच आहे. मी मोजलंय.’

‘पलीकडे असेल. इकडे ते मागे आहे. इथून हात घातला तर तेलाच्या नळीपर्यंत बोटं पोचायची नाहीत. आणि मी तर रोज घालत होतो.’ त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपराच्या खाली एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. तो मी जन्मभर पाहत आलो होतो, पण कधी विचारलं नव्हतं. ‘हा त्या दाराच्या कडेचा. बोटं नळीला टेकली की कोपर बरोबर कडेवर यायचं.’

आपल्याकडे ‘हात’ हे माप आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मी टेप आणली आणि दिवाळीच्या दिवशी माझ्या वडिलांचा हात मोजला. साडेसतरा इंच. फुटाला सोळा मिलिमीटरच्या हिशेबाने ते झाले तेवीस मिलिमीटर आणि थोडे वर. नळीची जागा मला वरच्या मापांवरून ठाऊक होती. तिथून तेवीस मिलिमीटर मोजले आणि दार हलवलं. अण्णांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘आता पोचेल.’

एका हाताचं माप मिळालं, बाकीच्या बाजूचं काय? झरोके किती, कुठे, बोल्टांच्या किती ओळी? काही अण्णांनी सांगितलं, काही त्यांना आठवेना. जे आठवेना तिथे त्यांनी मला अंदाज करू दिला नाही. शेडमधला नियमच तो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, कारण तुमच्या अंदाजावर उद्या गाडी चढायची असते. म्हणून ती बाजू मी रंगवली नाही. रंगवलेलं म्हणजे मोजलेलं, आणि उघडं पितळ म्हणजे आठवणीवरचं. अण्णा २०१२ साली गेले. त्यानंतर त्या बाजूला विचारण्यासारखं कुणी राहिलं नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. इंजिन अर्धवट नाही. आपल्याला जेवढं खरंच माहीत आहे, तेवढंच ते रंगवलेलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं कठीण आहे. वाफेचं का नाही? कारण वाफेची आठवण ठेवायला सगळं जग आहे. विदर्भातली आपली शकुंतला बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या या गाडीवर जिथे जिथे लिहून आलंय, तिथे १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेल्या आणि १९९४पर्यंत राबलेल्या वाफेच्या इंजिनाचा उल्लेख सापडेल. १९९४नंतर ती गाडी ओढली डिझेलनेच. शेतकऱ्यांना, शाळेच्या पोरांना, बाजाराच्या बायकांना त्यानेच नेलं-आणलं. त्याच्यावर लेखात एक ओळ असते: ‘नंतर डिझेल इंजिन आलं.’ बस्स. वाफ गेली तेव्हा आपण हळहळलो, आणि डिझेलला आपण तिला हुसकावणारा समजलो. अलीकडे तर माथेरानच्या डिझेलला वाफेच्या इंजिनाचा वेष चढवण्याचे बेत बातम्यांत वाचायला मिळाले. पर्यटकांना ते आवडेल, त्यात वाईट काही नाही. पण ज्याने कष्ट केले त्याला दुसऱ्याचे कपडे घालून उभं करायचं, हे अण्णांना रुचलं नसतं.

असं नाही की कुणी काहीच जपत नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ सालापासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्य वेचून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे छोट्या गाड्या धावताना पाहून पोरांचे डोळे कसे होतात, ते एकदा जाऊन बघा. पण संग्रहालय सगळंच जपू शकत नाही. खरं इंजिन जपायला शेड लागते, पैसा लागतो, माणसं लागतात. प्रतिकृतीला एक टेबल पुरतं. आणि प्रतिकृती करताना जी मापं घ्यावी लागतात, ती वहीत राहतात. माझ्या मते या छंदाची खरी कमाई ती वही आहे, इंजिन नव्हे.

आज हे सांगायची घाई एवढ्यासाठी, की डिझेल आता तिथेच उभं आहे, जिथे ऐंशीच्या दशकात वाफ उभी होती. देशातल्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झालंय. नॅरोगेजच्या लाइनी एकेक करून रुंद झाल्या किंवा बंद पडल्या. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ साली थांबली. माथेरानची गाडी २०१९च्या पावसाने पुन्हा अडली आणि पूर्ण मार्गावर सुरू झाली ती २०२२च्या ऑक्टोबरात. या गाड्यांची डिझेलं चालवणारे, त्यांच्या पोटात हात घालणारे फिटर अजून आपल्यात आहेत. कुर्डुवाडीत असतील, नागपुरात असतील, मूर्तिजापुरात असतील. कुणाचे वडील, कुणाचे काका, कुणाचे शेजारी. त्यांना वाटतं, आपल्याला विचारण्यासारखं काय आहे? वाफेचं इंजिन चालवलं असतं तर गोष्ट होती.

त्यांना विचारा. छोटं इंजिन प्रत्येकाने करावं असं मी म्हणत नाही, त्याला वेळ आणि खुळ दोन्ही लागतं. पण एक टेप आणि एक वही प्रत्येकाच्या घरात असते. रेल्वेचंच कशाला, गावातल्या पिठाच्या गिरणीचं जुनं इंजिन, विहिरीवरचा पंप, बंद पडलेल्या छापखान्यातलं यंत्र, जे जाणार हे दिसतंय त्याचं माप घेऊन ठेवा. आणि घेताना दोन्ही बाजूंचं घ्या. भिंतीकडची बाजू पावसाळ्यानंतर मोजू, असं म्हणू नका.

अधूनमधून रविवारी सकाळी मी पेटी उघडतो आणि ते इंजिन चोर बाजारातल्या रुळांवर ठेवतो. सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. नातू कंटाळतो, म्हणतो, ‘आजोबा, फास्ट करा ना.’ मी त्याला म्हणतो, घाट आहे बाबा, असंच जायचं. मग तो उघड्या पितळेच्या बाजूला येऊन बसतो आणि त्या छोट्या दारावर बोट ठेवून विचारतो, ‘इथून पणजोबा हात घालायचे?’ तेवढं त्याला पाठ झालंय.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)